वेशीतील तराजू
पडीत जमिनीच्या रोख विक्रीचा आमच्या मुलखातील इतिहास

ज्युबिली हा शब्द कानी पडताच पताका, वाजंत्री, मिरवणूक व गोडधोडाची पंगत आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ज्या इब्री शब्दापासून तो निघाला, त्या ‘योबेल’ शब्दाचा मूळ संबंध मेंढ्याच्या शिंगाच्या तुतारीशी आणि त्याहूनही अधिक जमिनीशी आहे. लेवीय ह्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात असा नियम आहे की, सात वेळा सात वर्षे लोटल्यावर पन्नासाव्या वर्षी तुतारी वाजवावी, आणि अडचणीपायी ज्याने आपले वतन विकले असेल त्यास ते परत मिळावे. जमीन कायमची विकावयाची नाही. विकावयाची ती पुढील ज्युबिलीपर्यंतची पिके. वर्षे अधिक उरली असतील तर मोल अधिक, थोडी उरली असतील तर थोडे. ह्या नियमामागे एक साधे ज्ञान आहे. गरजू मनुष्य जमीन विकतो तेव्हा तो आपल्या एका दिवसाच्या अडचणीसाठी नातवंडांचे दिवस देऊन टाकीत असतो.

आपल्या देवळाचा व शाळेचा वृत्तान्त ह्या अंकात इतरांनी लिहिलाच आहे. म्हणून मी आपल्या पायांखालील भूमीविषयी, आणि तिच्या रोख विक्रीविषयी, चार शब्द लिहावे असे योजिले आहे.

वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे वैनगंगेच्या पूर्वतीरी वसलेले गाव. गडचिरोली जिल्ह्यास लोहमार्ग भेटतो तो येथेच. प्रथम अरुंद रुळांची गाडी आली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते रूळ रुंद झाले. आणि आता वडसा ते गडचिरोली असा सुमारे ५२ किलोमीटरांचा नवा मार्ग हाती घेण्यात आला आहे. जेथे रूळ जातो तेथे धान्य व लाकूड ह्यांच्यामागून पैसाही जातो. आणि पैसा येताच ज्या माळाकडे कालपर्यंत कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, त्याचे भाव विचारणारा मनुष्य दारात उभा राहतो. तो म्हणतो, “जमीन जशी आहे तशी द्या. झुडपे तोडू नका, बांध घालू नका, दलाल नको. पैसे रोख.” हे बोलणे नवे वाटते, परंतु ह्या मुलखात त्याचा इतिहास जुना आहे.

चांद्याच्या गोंड राजांच्या काळी ओसाड जमीन मिळविण्याचे साधन पैसा नव्हते, श्रम होते. परंपरा असे सांगते की, जंगल तोडून जो भूमी वहितीस आणील त्यास ती देण्याचा, आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी भूमी देण्याचा प्रघात राजा हीरशहाने पाडला. अशा जमिनीस ‘तुकूम’ म्हणत. आजही आपल्याकडे कित्येक गावांच्या नावापुढे तुकूम हा शब्द जोडलेला दिसतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावांच्या बांधणीत कोहळी समाजाचे नाव आदराने घेतले जाते. ओसाड भूमीचे मोल म्हणजे तिच्यावर गाळलेला घाम, असा तो हिशेब होता.

१८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि हिशेब बदलला. इंग्रज सरकारने जमाबंदी करून सारा वसूल करणाऱ्या मालगुजारास गावाचा मालक ठरविले. चांदा जिल्ह्याची ही जमाबंदी मेजर लूसी स्मिथ ह्यांनी केली. त्यांचा अहवाल १८६९ चा आहे. मालकी आली तिच्यामागून गहाण आले, आणि गहाणामागून विक्री आली. ज्याच्या हाती धान व मोहफूल होते, पण रोकड नव्हती, तो ज्याच्या हाती रोकड होती त्याच्या दारी गेला. शेवटी स्वतः सरकारासच ह्या गोष्टीची चिंता वाटू लागली व मध्यप्रांतात १९१६ मध्ये जमीन हस्तांतरणाचा कायदा झाला. आदिम जातींच्या मालकाने आपली जमीन त्या जातींबाहेरील मनुष्यास कायमची द्यावयाची असल्यास आधी डेप्युटी कमिशनरची मंजुरी घ्यावी, असा त्याचा आशय होता. विकणारा व घेणारा हे दोघेच समोरासमोर बसले असता तराजू सरळ राहत नाही, ही कबुलीच त्या कायद्याने दिली.

पुढे ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. मालगुजारांचे तलाव, गावची पडीत व झुडपांची रानेही सरकारजमा झाली. पुष्कळशा अशा भूमीची नोंद कागदोपत्री ‘झुडपी जंगल’ म्हणून झाली. आणि विदर्भाच्या सहा पूर्वेकडील जिल्ह्यांतील अशा जमिनी वनभूमीच मानाव्या लागतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. ह्यावरून एक बोध घ्यावा. डोळ्यांस जो नुसता माळ दिसतो तो कागदावर वन असू शकतो. आणि जे आपले नाही ते रोखीने घेतल्याने आपले होत नाही.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. ह्या उलथापालथीच्या वर्षांत पुष्कळ आदिवासी जमीन हातची गेली. कायदेमंडळास ते उमगले तेव्हा दोन कायदे झाले. पहिल्याने ६ जुलै १९७४ पासून असे ठरविले की, आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीस विकावयाची तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी हवी, आणि तीही राज्य शासनाच्या संमतीने. दुसऱ्याने मागे वळून पाहिले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात जी जमीन बिगरआदिवासीकडे गेली, ती ठरावीक अटींवर मूळ धन्यास परत देण्याची तजवीज त्याने केली. ती परत घेताना आजचा बाजारभाव द्यावयाचा नव्हता. साऱ्याच्या ४८ पट रक्कम व सुधारणांची किंमत द्यावयाची होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा कायदा वैध ठरविला. वाचकहो, लेवीय पुस्तकाच्या पन्नासाव्या वर्षाची आठवण येथे कोणास झाल्यावाचून राहील? ज्यांनी हा कायदा रचिला त्यांच्या मनात ते पुस्तक असेल वा नसेल. परंतु अन्याय एकच असला म्हणजे त्यावरील औषधही सारखेच निघते.

झाडांचीही हीच कथा. पडीत जमीन घेणाऱ्याची दृष्टी पुष्कळदा मातीवर नसून तिच्यावरील सागावर असते. जमिनीचे मोल ठरते ते एकराने, आणि झाडे जातात फुकटात. म्हणून १९६९ मध्ये अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडांच्या विक्रीचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रास करावा लागला.

इतका कायदा असता अडचण ती काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मला माझ्याच एका चुकीतून मिळाले. ते सांगणे मला सुखाचे नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी नवा पुरोहित असता, दुसऱ्या एका तालुक्यात एक ओळखीचा शेतकरी सकाळीच माझ्याकडे आला. त्याची जमीन पडीत होती. दगडाची एक टेकडी, दोन मोहाची झाडे व बाकी तरोटा. मुलगी रुग्णालयात होती. घेणारा परगावचा होता. पैसे पिशवीत घेऊनच आला होता. “साक्षीला एक भला माणूस पाहिजे,” एवढेच मला सांगण्यात आले. मी गेलो, आणि न वाचता सही केली. लेखात लिहिले होते की सर्व मोबदला रोख पावला. प्रत्यक्षात अर्धाच पावला होता; उरलेला पुढल्या महिन्यात देण्याचे तोंडी ठरले होते. तो महिना कधीच आला नाही. मी वकिलास विचारले. लेखी कबुलीपुढे तोंडी शब्द उभा करणे किती कठीण, ते त्यांनी मला समजावून सांगितले. एके दिवशी त्या शेतकऱ्याची बायको देवळाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, “फादर, तुम्ही तर होते ना तिथं?” तिच्या स्वरात राग नव्हता. मजपाशी उत्तरही नव्हते. होतो खरा, पण साक्षी नव्हतो. माझी नुसती सही तेथे होती.

तेव्हापासून पवित्र शास्त्रातील खरेदीविक्रीचे प्रसंग मी निराळ्या दृष्टीने वाचू लागलो. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात अब्राहाम मृत पत्नीच्या दफनासाठी मकपेलाचे शेत घेतो. तोही परका, तोही रोख देणारा आणि तोही मध्यस्थाच्या नफ्यावाचून धन्याशी व्यवहार करणारा. मग त्याचा व्यवहार निर्मळ कशाने झाला? तो नगराच्या वेशीत, येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांच्या देखत झाला. एफ्रोनाने सांगितलेले चारशे शेकेल रुपे सर्वांसमक्ष तोलून दिले. आणि काय घेतले तेही स्पष्ट झाले. शेत, त्यातील गुहा, आणि शेताच्या चतुःसीमेतील सगळी झाडे. आमच्या सागाचा व मोहाचा हिशेब चुकविणाऱ्यांनी ही शेवटली बाब वाचून पाहावी. यिर्मया संदेष्ट्याने तर नगरास शत्रूचा वेढा पडला असता अनाथोथ येथील शेत सतरा शेकेलांस घेतले. साक्षीदार बोलाविले, रुपे तराजूत तोलले, लेख दोन केले, एक मोहरबंद व एक उघडा, आणि ते मातीच्या भांड्यात जपून ठेवविले. उलट अहाब राजानेही नाबोथास द्राक्षमळ्याचे मोल रोख देऊ केले होते. आणि त्या धन्याने “नाही” म्हटले तेव्हा पुढे काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. म्हणजे दोष रोकडीत नाही. जेथे विकणाऱ्यास “नाही” म्हणण्याची मोकळीक असते आणि तराजू वेशीत असतो, तेथे रोकड स्वच्छ असते. जेथे घाई असते आणि दार लावलेले असते, तेथे ती फास होते.

आजच्या सरकारी नियमांकडे ह्याच दृष्टीने पाहावे. शंभर रुपये वा त्याहून अधिक मोलाची स्थावर मिळकत विकावयाची तर नोंदणीकृत लेखच लागतो. १८८२ व १९०८ च्या कायद्यांनी घातलेली ही वेस आहे. १ जून २०१५ पासून जमिनीच्या व्यवहारात इसार धरून वीस हजार रुपये वा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई केली. १ एप्रिल २०१७ पासून कोणत्याही एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रोख घेण्यास बंदी झाली. पुष्कळांस हा जाच वाटतो. परंतु बँकेच्या वहीत उमटलेली रक्कम हीच आजच्या काळची तोललेली रुप्याची नाणी होत. ती कोणास नाकबूल करता येत नाहीत. त्या शेतकऱ्याचे उरलेले पैसे अशा वाटेने द्यावयाचे ठरते व तसे लेखात लिहिले जाते, तर त्याची बायको माझ्या पायरीशी आली नसती.

आपल्याच जिल्ह्यातील एका गावाने ह्याहून पुढचे पाऊल टाकिले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास २००९ मध्ये अठराशे हेक्टरांहून अधिक वनावर सामूहिक हक्क मिळाला. आणि २०१३ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी १९६४ च्या ग्रामदान कायद्यान्वये आपली खाजगी शेतेही ग्रामसभेच्या स्वाधीन केली. कसावयाचे ज्याचे त्यानेच, वारसाही त्याच्याच मुलांचा. परंतु बाहेरच्या मनुष्यास एकट्याने विकून टाकण्याची वाट त्यांनी स्वखुशीने बंद केली. सर्वच गावांस हे साधेल असे मी म्हणत नाही. परंतु घेणारा पिशवी घेऊन आला असता त्याच्यासमोर एकटा धनी नव्हे तर सबंध गाव बसले पाहिजे, हा त्यांचा विचार सर्वांनी घेण्याजोगा आहे.

कित्येकदा जमीन विकावीच लागते. आजार येतो, शिक्षण असते, म्हातारपणी कसणारे कोणी उरत नाही. अशा वेळी पडीत तुकडा विकणे हे पाप नव्हे. मात्र चार गोष्टी पाहाव्या. सातबारा व फेरफार काढून आपला भोगवटा वर्ग एकचा की दोनचा, आणि नोंद कोठे झुडपी जंगलाची तर नाही, हे तलाठ्याकडून समजून घ्यावे. मोजणी करून चतुःसीमा व झाडे लेखात लिहवावी. शेजारच्या विक्रीचे भाव विचारावे. आणि पूर्ण रक्कम खात्यात आल्यावाचून “पावली” ह्या शब्दाखाली सही करू नये. जो म्हणेल की आजच सही करा, नाहीतर सौदा मोडला, त्याचा सौदा खुशाल मोडू द्यावा. जमीन उद्याही तेथेच असते.

राहिली माझी गोष्ट. आपल्या ज्युबिलीच्या वर्षी एखादी कमान वा घंटा द्यावी असे कोणास वाटेल. मी एक वचन देतो. ह्या धर्मग्रामातील कोणीही, ख्रिस्ती असो वा नसो, जमिनीचा कागद घेऊन येईल, त्याचा कागद देवळाच्या ओट्यावर, घरच्या मंडळींसमक्ष, आरंभापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला जाईल. विकणाऱ्याच्या बायकोस तो समजला की नाही हे मी तिलाच विचारीन. तिने होय म्हटले, तरच मी सही करीन.