कॅल्शियमच्या उजेडातला सूर्य

मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा 44-45 अंशांवर गेला की सूर्यावरच्या डागांना दोष देणारं कुणीतरी भेटतंच. खूळ जुनं आहे, आणि मूळचं साहेबाचं. 1877 साली दख्खन आणि मद्रास दुष्काळात होरपळत असताना खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आणि ब्रिटिश सरकारी अधिकारी हंटर यांनी सौरडाग आणि दुष्काळ यांचं नातं जोडणारा लेख लिहिला. कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहिली त्यामागे पावसाचा अंदाज बांधता येईल ही आशाही होती. पावसाचं गणित काही सुटलं नाही. हाती लागलं ते वेगळंच.

1904 मध्ये तिथं केंब्रिजहून स्पेक्ट्रोहेलिओग्राफ आला. सूर्यप्रकाशातला कॅल्शियमचा एकच जांभळा किरण निवडायचा आणि अरुंद फटीतून सगळं बिंब पट्ट्यापट्ट्यानं काचेच्या तबकडीवर उतरवायचं, हे त्याचं काम. चित्रात डागांभोवती उजळ चट्टे दिसत आणि उरलेल्या बिंबावर बारीक उजळ जाळी. ती कशाची, हे टिपणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. डागांत चुंबकत्व असतं हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेलनं दाखवलं 1908 मध्ये. जाळीचा उलगडा व्हायला 1950चं दशक उजाडलं: चुंबकीय नकाशे तयार झाले आणि जाळी जिथं उजळ, तिथंच चुंबकत्व निघालं. सूर्याच्या पृष्ठाखालून उसळणारा वायू बाजूला पसरताना चुंबकत्वाचे बारीक झुबके सुमारे तीस हजार किलोमीटरच्या घरांच्या कडेला लोटतो. तिथं वरचा वायू तापून उजळतो.

गंमत अशी, की डाग काळे असले तरी डाग वाढतात त्या वर्षांत सूर्य किंचित जास्तच तेजस्वी असतो. हे उजळ चट्टे आणि जाळी डागांची तूट भरून काढून वर थोडी भर घालतात. फरक मात्र साधारण 0.1 टक्का. भुसावळच्या उन्हाचं खापर त्यावर फोडता येणार नाही.

या कुळात पुणंही आहे. कावसजी नेगमवालांची विज्ञान महाविद्यालयातली वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढं पुण्याच्याच 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेनं भारताच्या आदित्य-एल1 या सौरयानासाठी 'सूट' ही अतिनील दुर्बीण घडवली. यान 2023 साली निघालं. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून 'सूट' सूर्य टिपते, आणि तिच्या अकरा गाळण्यांपैकी एक कॅल्शियमचीच आहे.

कोडाईकनालच्या जुन्या तबकड्या आता डिजिटल होऊन सर्वांना खुल्या आहेत. खानदेशातल्या विज्ञान शिक्षकांनी त्या वर्गात जरूर दाखवाव्यात.