नववधूचा आरसा: असगरी, अकबरी आणि आपण

लहानपणी माझी चपाती वाकडी झाली की नानी म्हणायची, "पूरी अकबरी है तू!" आणि आपाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, हातचं सालन चाखून म्हणायची, "ये है हमारी असगरी." ही अकबरी कोण, असगरी कोण, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. आपल्याच खानदानातल्या कोणीतरी बायका असतील, असं वाटायचं. पुढे उर्दू शिकवायची म्हणून जुनी पुस्तकं वाचायला घेतली, तेव्हा दोघी भेटल्या. खानदानात नाही, एका कादंबरीत.

ती कादंबरी म्हणजे 'मिरात-उल-उरूस', म्हणजेच 'नववधूचा आरसा'. डेप्युटी नझीर अहमद यांनी ती लिहिली, १८६९ साली ती छापून आली. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. दिल्लीच्या दोन बहिणी. थोरली अकबरी नानीच्या लाडात वाढलेली, तोंडाळ, घरकामाचा कंटाळा असलेली. लग्नानंतर ती वेगळं बिऱ्हाड थाटते आणि एका लबाड बाईच्या गोड बोलण्याला भुलून दागिने गमावून बसते. धाकटी असगरी त्याच घरच्या धाकट्या मुलाला दिलेली. तिला लिहिता-वाचता येतं, हिशेब येतो. हिशेबात घोळ करणाऱ्या जुन्या मोलकरणीला ती पकडते, घर कर्जातून सोडवते, नवऱ्याला नोकरीच्या वाटेला लावते, नणंदेचं चांगल्या घरी लग्न जमवते. घरातच मुलींचा मकतबही चालवते.

नझीर अहमद यांनी हे पुस्तक आधी छापण्यासाठी लिहिलंच नव्हतं. मुलींच्या हाती द्यावं असं पुस्तक सापडेना, म्हणून ते आपल्याच मुलींसाठी थोडं थोडं लिहीत गेले. नंतर ते शिक्षणखात्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस पडलं. उत्तर-पश्चिम प्रांताच्या सरकारने त्याला १००० रुपयांचं बक्षीस दिलं आणि लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम म्यूर यांनी स्वतःकडून एक घड्याळ भेट दिलं. बापाने मुलींसाठी लिहिलेली गोष्ट सरकारमान्य झाली आणि घराघरांत पोहोचली. पिढ्यान्‌पिढ्या मुलींना या दोन नावांनी मोजलं गेलं. माझ्या नानीने ती कादंबरी वाचली होती की नाही, कोण जाणे. तिला त्याची गरजही नव्हती. दोन नावं पुरेशी होती.

हा आदर्श नेमका तेव्हाच का घडला, हे समजून घ्यायला हवं. १८५७ नंतर दिल्लीतली कितीतरी शरीफ घराणी धुळीला मिळाली. दरबार गेला, वतनं गेली, मानमरातब गेला. आता पोट भरायचं तर इंग्रजांची नोकरी, ठरावीक पगार, काटकसर. जुन्या काळात शराफत वंशावरून ठरायची. आता ती वागण्यावरून ठरू लागली: वेळ पाळणं, हिशेब ठेवणं, उधळपट्टी न करणं. बाहेरच्या जगावर सत्ता उरली नव्हती, तेव्हा घर हीच शेवटची जहागीर उरली. ती राखायचं काम बाईकडे आलं. खानदानाची इज्जत तिच्या स्वयंपाकघरात आणि जमाखर्चाच्या वहीत जाऊन बसली.

असगरीने आपल्याला काहीच दिलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मुलीच्या हाती लेखणी दिली तर ती बिघडेल असं मानणाऱ्या समाजाला नझीर अहमद सांगत होते की शिकलेली सूनच घर वाचवते. त्या एका वाक्याच्या आधारावर कितीतरी मुलींच्या हाती पाटी आली असेल. पण त्याच वाक्यात अटही होती. शीक, पण घरासाठी. तुझ्या हुशारीचं मोल सासरच्या माणसांना तिचा किती उपयोग झाला, यावरून ठरेल. दार उघडलं होतं, पण ते अंगणात उघडत होतं.

हे फक्त आपल्याकडेच घडलं, असंही नाही. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाई रानडे लग्न होऊन पुण्यात आल्या. नवरा शिकवत होता आणि घरातल्या बायका त्याच शिकण्यावरून टोमणे मारत होत्या. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. एका आदर्शासाठी शिकायचं आणि दुसऱ्या आदर्शासाठी शिकलेलं लपवायचं, असे दोन आरसे एकाच मुलीसमोर धरलेले होते.

नझीर अहमद यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला फार आवडते. त्यांचे शिष्य फरहतुल्ला बेग यांनी ती लिहून ठेवली आहे. गरीब घरातले नझीर अहमद दिल्लीच्या औरंगाबादी मशिदीत शिकत. तिथली मुलं मोहल्ल्यातल्या घरांतून भाकरी गोळा करून आणत. एका घरी त्यांना भाकरीच्या बदल्यात मसाला वाटावा लागे, आणि हात थांबला की घरातली लहान मुलगी त्यांच्या बोटांवर मारी. हीच मुलगी पुढे त्यांची बायको झाली. म्हणजे असगरी लिहिणाऱ्या माणसाचं लग्न कुठल्या असगरीशी झालं नव्हतं! आदर्श कागदावर असतात, संसार माणसांशी होतो.

त्या अंगणातून बाहेर पडणाऱ्याही निघाल्या. मुंबईच्या तय्यबजी परिवारातल्या अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. मी बी.एड. केलं ते त्यांच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, आणि तेव्हाही घरात चर्चा झालीच. अतियांची बहीण नाझली बेगम आपल्या कोकणातल्या जंजिरा संस्थानची बेगम होती. अतियांनी लंडनहून लिहून पाठवलेली रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या साप्ताहिकात छापून येई आणि दूरदूरच्या जनान्यांत वाचली जाई. मग आल्या इस्मत चुगताई. शिकू दिलं नाही तर घरातून पळून जाऊन ख्रिस्ती होईन आणि मिशनच्या शाळेत शिकेन, अशी धमकी त्यांनी वडिलांना दिली आणि शिक्षण मिळवलं. पुढे त्या मुंबईत शाळा-निरीक्षक होत्या. नानीच्या हिशेबाने त्या नक्कीच अकबरी ठरल्या असत्या.

आणि आमच्या घरातल्या दोघी? मी स्वतःला इतकी वर्षं अकबरी मानत आले की नोकरी लागली त्या दिवशीसुद्धा मनात आलं, चपाती काही अजून गोल होत नाही. आपाला मात्र सगळे नावाजत राहिले. मागच्या ईदला भांडी आवरताना ती सहज म्हणाली, "तुला निदान रागावता तरी आलं. मला काय आवडतं हे मला कोणी विचारलंच नाही. आता विचारलं तरी सांगता यायचं नाही." मी काही बोलले नाही. पन्नाशीला आलेल्या बाईला आपली आवड माहीत नसावी, आणि जग तिला 'नशीबवान' म्हणत असावं!

तेव्हा मला माझा वर्ग आठवला. मीसुद्धा एका शांत, नीटनेटक्या मुलीला उभं करून इतरांना म्हणत असे, "हिच्यासारख्या व्हा." खाली मान घालून उभी असलेली ती मुलगी मी नीट पाहिलीच नव्हती. वर्गात मी नानीचंच काम करत होते.

हल्ली मी मुलींना ही गोष्ट सांगते, पण एक काम देते: अकबरीच्या बाजूने असगरीला पत्र लिहा. एकीने लिहिलं होतं, "आपण दोघी बहिणी होतो, पण लोकांनी आपल्याला कधी एकत्र बसू दिलं नाही." हे पत्र मी आपाला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

आदर्श नकोत, असं मी म्हणत नाही. आदर्शाशिवाय मुलं वाढत नाहीत आणि समाजही चालत नाही. पण आरसा कोणी बनवला, कोणत्या काळात आणि कोणाच्या सोयीसाठी, हे मुलीला सांगितलं पाहिजे. नाहीतर तिला वाटत राहतं की खोट आपल्याच चेहऱ्यात आहे.