पिंगुळीची पोथी आणि फाळक्यांची फिल्म

मालवणाहून कुडाळास यावे आणि तेथून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागावे, म्हणजे थोड्याच अंतरावर पिंगुळी गाव लागते. राऊळ महाराजांच्या मठामुळे हे नाव पुष्कळांना ठाऊक असेल. पण आज मी तुम्हांला मठात नेत नाही; त्याच गावातल्या ठाकरांच्या घरात नेतो. मुलांच्या अंगी कल्पकता यावी म्हणून काय करावे, असा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. या घरांनी त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

चित्रकथी म्हणजे चित्र दाखवून कथा सांगणारा. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रे कागदावर रंगवायची, दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि त्यांचा गठ्ठा बांधायचा. हीच त्यांची पोथी. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो नि गाऊन कथा सांगतो. साथीला वीणा, टाळ, हुडूक. ही कला काही कालपरवाची नव्हे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रकथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे, आणि दोरीने नाचणाऱ्या लाकडी बाहुलीचा दृष्टांत ज्ञानेश्वरांनीही दिला आहे. पिंगुळीच्या ठाकरांकडे कळसूत्री बाहुल्या आहेतच, शिवाय चामड्याच्या बाहुल्या आहेत. पांढरा पडदा लावायचा, मागे दिवा ठेवायचा आणि बाहुलीची सावली पडद्यावर नाचवायची!

आता मला सांगा, हे सारे एकट्याने होणार कसे? कोणी रंग कालवणार, कोणी लाकूड तासणार, कोणी बाहुलीला कपडे चढवणार, कोणी टाळ धरणार. घरातल्या पोराला कोणी समोर बसवून धडा दिला नाही. ते मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसले, ऐकता ऐकता आख्यान पाठ झाले आणि एक दिवस हातात टाळ आला. त्या टाळाचा ठेका चुकला तर सगळ्या खेळाचाच ठेका चुकणार, हे त्याला ठाऊक होते. मुलाला दिलेले काम लहान होते, पण खोटे नव्हते. माझ्या मते सारे मर्म इथेच आहे.

तुम्ही म्हणाल, अहो, ही तर वंशपरंपरेने आलेली विद्या. ज्याच्या घरात पोथी नाही त्याने काय करावे? शंका रास्त आहे. म्हणून पडदा, दिवा आणि सावली हाच संसार मांडणारे दुसरे घर पाहू. ते मुंबईला दादरला होते.

त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या घरी सिनेमाची पोथी कुठून असणार? ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला आणि आपल्याकडचे देव असे पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने ते झपाटले. 1912 साली विलायतेला जाऊन त्यांनी कॅमेरा आणला. मग घरात काय केले? एक वाटाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून वेल होईपर्यंत रोज थोडे थोडे चित्र घेतले. ही छोटी फिल्म दाखवूनच त्यांनी भांडवल उभे केले.

पुढच्या कामात सारे घर उतरले. फिल्मला भोके पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे ही कामे सरस्वतीबाई शिकल्या. शिवाय मंडळींचा स्वयंपाक होताच. पैसा कमी पडला तेव्हा अंगावरचे दागिनेही गेले. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, त्यात रोहिदास झाला होता फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. 1919 सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. एक घर परंपरेचे, दुसरे अगदी नव्या विद्येचे. पण दोन्हींत मुलांना खऱ्या कामात वाटा मिळाला.

मात्र घराने सारे निभते असेही समजू नका. पिंगुळीच्या कलेला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. 1948 साली संस्थान विलीन झाले, आश्रय सरला, आणि पोटासाठी मंडळी दुसऱ्या उद्योगांना लागली. जुन्या चित्रांपैकी कितीतरी संग्रहालयांत गेली. तिथे ती जपली जातात हे खरे, पण काचेमागची पोथी गात नाही. दादासाहेबांचीही अखेरची वर्षे हलाखीत गेली. 1944 साली नाशकात ते वारले. कलावंताच्या घराला कोणीतरी प्रेक्षक, कोणीतरी आधार लागतोच, आणि ते कोणीतरी म्हणजे आपणच.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी हे ओळखले. पोथ्या नि बाहुल्या सांभाळून त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय मांडले, घरच्या पुढच्या पिढीला त्यात घेतले. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान एका माणसाचा झाला खरा, पण त्यामागे पिढ्यांची बैठक आहे.

आपल्या घरात पोथी नसेल, नसू दे. चवथीला गणपतीमागची भिंत रंगवायची असते ना? यंदा एक कोपरा मुलाच्या हवाली करा आणि त्याने काढलेला मोर बदकासारखा दिसला तरी पुसू नका. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. आजीच्या गजाली टिपायचे काम नातवाला द्या. आजी सांगेल, तो टिपील, बहीण चित्रे काढील. मग घरच्या भिंतीवर पांढरी चादर लावून शेजाऱ्यांना बोलवा.

आणि सवड काढून मुलांना घेऊन एकदा पिंगुळीला जा. दिव्यापुढे चामड्याचा हनुमान उभा राहिला, की मूल आधी पडद्याकडे बघते आणि लगेच पडद्यामागे डोकावू लागते. त्याला डोकावू द्या.