दानाची दिशा

आपल्या समाजात दातृत्वाची वाण कधीच नव्हती. घाट, धर्मशाळा, पाणपोया, अन्नछत्रे यांची साक्ष गावोगाव मिळते. परंतु भुकेल्यास अन्न घालणे निराळे आणि तो भुकेला का राहिला हे शोधणे निराळे. हा दुसरा प्रश्न ज्या धनिक घराण्यांनी विचारला, त्यांत मुंबईच्या टाटा घराण्याचा उल्लेख अग्रभागी केला पाहिजे.

जमशेटजींनी १८९२ साली निधी स्थापिला तो उच्च शिक्षणासाठी. त्यातून विद्यार्थ्यास मिळे ते कर्ज, भिक्षा नव्हे. फेडलेली रक्कम पुढील विद्यार्थ्याच्या कामी येई, आणि घेणाऱ्याची मानही ताठ राही.

धाकटे चिरंजीव सर रतन यांनी दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्यास १९०९ साली द्रव्यसाह्य केले. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचेही ते आश्रयदाते होते. पण त्यांचे सर्वांत विलक्षण दान लंडनला गेले. दारिद्र्याची कारणे व उपाय यांच्या अभ्यासासाठी त्यांनी १९१२ साली तेथील अर्थशास्त्राच्या विद्यालयास निधी दिला. राज्यकर्त्यांच्या देशातील दारिद्र्याची चिकित्सा मुंबईच्या पैशाने व्हावी, हा योग कौतुकाचा खरा! १९१८ साली ते निवर्तले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ साली त्यांच्या नावाचा विश्वस्त निधी उभा राहिला.

थोरले सर दोराबजी निपुत्रिक होते. १९३१ साली पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्या रोगाच्या संशोधनासाठी एक निधी काढला, आणि आपली जवळजवळ सर्व संपत्ती दुसऱ्या एका निधीच्या स्वाधीन केली. मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ‘जुबिली’ हिराही त्यातून सुटला नाही. जून १९३२ मध्ये तेही गेले. याच निधीतून १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था, आणि १९४१ साली परळचे कर्करोग रुग्णालय निघाले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, व तो टाळता येण्याजोगा नाही. हे धन गिरण्यांत व कारखान्यांत मजुरांच्या श्रमांनी निर्माण झाले. मग मजुरीत कमी द्यावे आणि दानात अधिक द्यावे, यात पुण्य कोणते? आश्चर्य हे की, हा आक्षेप खुद्द टाटांच्या पैशानेच बळकट केला. लंडनच्या त्या निधीचे पहिले संचालक टॉनी यांनी १९१३ साली असे प्रतिपादिले की, दारिद्र्याचे मूळ गरिबाच्या स्वभावदोषात नसून उद्योगाच्या रचनेत व वेतनात शोधले पाहिजे. त्यानंतर त्यांनी साखळ्या घडविणाऱ्या कामगारांच्या किमान वेतनाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

म्हणजे दात्याच्या द्रव्याने विचारलेला प्रश्न फिरून दात्याच्याच कारखान्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याचे पूर्ण उत्तर कोणत्याही विश्वस्त निधीने दिले आहे, असे आम्हांस वाटत नाही. तथापि असा प्रश्न विचारणाऱ्याचे वेतन आपल्या तिजोरीतून देणारे धनिक किती निघतील? पाणपोई घालणाऱ्यास सारे गाव दुवा देते; विहीर का आटली हे विचारणाऱ्यास मात्र पोसावे लागते.