परदेशी संशोधक फुलंब्रीत मुक्कामी येणार असेल तर: व्हिसा, नोंदणी आणि यजमानाची जबाबदारी

आंबेडकरी चळवळ आणि धम्मक्रांतीवर काम करणाऱ्या परदेशी अभ्यासकांचा ओढा छत्रपती संभाजीनगरकडे (औरंगाबाद) जुनाच आहे. मिलिंद महाविद्यालय, विद्यापीठ, नामांतराचा लढा आणि लेण्या हे सगळे इथे आहे. शहरातले काम आटोपले की हे अभ्यासक गावाकडे वळतात. जळगाव रस्त्यावरचे फुलंब्री तर शहराच्या जवळच. बौद्ध वस्तीत राहायचे, विहारात बसायचे, 1978 ची दंगल पाहिलेल्या ज्येष्ठांच्या मुलाखती घ्यायच्या, असा बेत असतो. त्यांना घर दाखवणारा, दुभाषा होणारा, मोटारसायकलवर फिरवणारा बहुतेक वेळा आपलाच एखादा कार्यकर्ता असतो. कागदपत्रांत गडबड निघाली तर पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

पहिला प्रश्न: पाहुणा कोणत्या व्हिसावर आला आहे? पर्यटन व्हिसा फिरण्यासाठी आणि नातेवाईक-मित्रांना भेटण्यासाठी असतो. त्यावर मुलाखती घेऊन प्रबंधाची सामग्री गोळा करणे हा व्हिसाच्या अटींचा भंग ठरू शकतो. परदेशी विद्यापीठात पीएचडी करणाऱ्याने गावात येऊन अभ्यास करायचा तर संशोधन व्हिसाच हवा. त्यासाठी भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठाचे किंवा संस्थेचे संलग्नता पत्र, संशोधनाचा आराखडा, कुठे कुठे जाणार ती ठिकाणे आणि खर्चाची सोय दाखवावी लागते. हे सगळे आपल्या देशातील भारतीय दूतावासाकडे, निघण्याआधी. ‘आधी टूरिस्टवर ये, मग इथे बदलून घेऊ’ हा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. पर्यटन व्हिसा सर्वसाधारणपणे इथे बदलून मिळत नाही. ठिकाणांच्या यादीत फुलंब्री तालुका आधीच लिहायला सांगावे. अर्जात फक्त ‘औरंगाबाद शहर’ आणि मुक्काम मात्र खेड्यात, असे झाले की विचारणा होते. इथल्या विद्यापीठात रीतसर प्रवेश घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला विद्यार्थी व्हिसा असतो, तो प्रकार वेगळा.

हे सगळे कागदी वाटत असेल तर अलीकडची उदाहरणे पाहा. मार्च 2022 मध्ये केरळवर अनेक वर्षे काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ फिलिप्पो ओसेला यांना तिरुवनंतपुरम विमानतळावरूनच परत पाठवले गेले. ऑक्टोबर 2025 मध्ये हिंदीच्या अभ्यासक फ्रान्चेस्का ओर्सिनी यांना दिल्लीतून परतवले. आधीच्या भेटीत व्हिसाच्या अटी मोडल्या, असे कारण सरकारी सूत्रांनी सांगितले. या कारवायांमागे निव्वळ नियमच होते असे आम्ही मानत नाही. पण नियमाचे बोट दाखवायला जागा ठेवू नये, एवढे आपल्या हातात आहे.

आपल्या चळवळीलाही हा अनुभव आहे. जपानहून 1960 च्या दशकात आलेले आणि नागपुरात राहून धम्मकार्य केलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्यावर व्हिसाची मुदत उलटल्याच्या कारणाने 1987 मध्ये देश सोडण्याची वेळ आली होती. प्रकरण न्यायालयात गेले, ते फेटाळले गेले आणि पुढे त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. गेल ऑम्व्हेट संशोधनासाठी आल्या, सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या झाल्या आणि 1983 मध्ये भारतीय नागरिक बनल्या. नव्या माणसाने अशा अपवादांवर विसंबू नये.

आता यजमानाचा भाग, जो आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. परदेशी माणूस लॉजवर राहो, विहारात राहो की तुमच्या घरात, त्याच्या आगमनाची ऑनलाइन माहिती 24 तासांच्या आत द्यायची असते. ‘फॉर्म सी’ या नावाने ही नोंद ओळखली जाते. शुल्क नाही. मात्र घरमालकाला किंवा संस्थेला आधी पोर्टलवर स्वतःची नोंदणी करून ती मंजूर करून घ्यावी लागते. पाहुणा दारात उभा असताना हे सुरू केले तर 24 तास कधी संपतात कळत नाही. आठवडाभर आधीच करून ठेवा. पासपोर्ट, व्हिसा आणि भारतात प्रवेशाचा शिक्का यांच्या प्रती आपल्याजवळ ठेवा. 1 सप्टेंबर 2025 पासून 1946 च्या परकीय नागरिक कायद्याच्या जागी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, 2025 लागू झाला आहे. मुक्काम देणाऱ्यांची आणि शिक्षणसंस्थांची माहिती देण्याची जबाबदारी त्यात स्पष्ट लिहिली आहे. व्हिसाची मुदत उलटून राहणाऱ्या किंवा अटी मोडणाऱ्या परदेशी नागरिकाला 3 वर्षांपर्यंत कैद, 3 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

यजमानाच्या नोंदीशिवाय संशोधकाची स्वतःची नोंदणी वेगळी. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर साधारणपणे आल्यापासून 14 दिवसांत ई-एफआरआरओ पोर्टलवर अर्ज करावा लागतो. त्यातूनच निवास परवाना मिळतो. व्हिसावर छापलेला शेरा मात्र अवश्य वाचावा, त्यात वेगळी अट असू शकते. इथे एक स्थानिक गुंता आहे. विद्यापीठ परिसर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो, तर फुलंब्री ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या. शहरात नोंदणी केलेला संशोधक चार महिन्यांसाठी फुलंब्रीत खोली घेत असेल तर पत्ता बदलल्याचे कळवणे भाग आहे. सोबत फुलंब्री पोलीस ठाण्यात एक साधे पत्र देऊन पोच घ्यावी, असे आम्ही सुचवतो. सक्ती म्हणून नव्हे. गावात कुणी खोडसाळ तक्रार केली तर ती पोच कामी येते.

विदेशात स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींसाठी: ओसीआय कार्ड आहे म्हणजे सगळे मोकळे, हा समज चुकीचा आहे. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकालाही संशोधन, पत्रकारिता किंवा धर्मप्रचारासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. आजोळी येऊन आजीशी गप्पा मारायला अर्थातच नाही. त्याच गप्पा प्रबंधासाठी ध्वनिमुद्रित होणार असतील तर हवी.

थायलंड, श्रीलंका, जपानच्या भिक्खूंना बोलावणाऱ्या मंडळांनीही हे पाहावे. पर्यटन व्हिसावर आलेल्या भिक्खूंना विहारात येता येते, वंदना करता येते, प्रवचन ऐकता येते. मंचावरून धर्मोपदेशपर भाषण देणे किंवा धार्मिक पत्रके वाटणे मात्र मना आहे. पत्रिकेत ‘प्रमुख धम्मदेसना’ म्हणून नाव छापण्याआधी त्यांचा व्हिसा विचारून घ्या. ती पत्रिकाच उद्या पुरावा म्हणून पुढे येते.

मुदतवाढ हवी असेल तर व्हिसा संपण्याआधीच ई-एफआरआरओवर अर्ज करायचा. मुदत उलटली की देश सोडण्यासाठीही परवानगी काढावी लागते आणि दंड वेगळा. संशोधक परत जाताना फॉर्म सीमध्ये त्याच्या जाण्याची तारीख भरायची राहते. तीही यजमानानेच भरायची आहे.