काव

आमच्याकडे गेरूला काव म्हणतात. भालकी-बसवकल्याणच्या बाजारात ती मराठीतून मागा नाहीतर कन्नडमधून, दुकानदाराला वेगळे काही समजून घ्यावे लागत नाही. कन्नडमध्येही ती ‘कावी’च. तेलुगूत कावी, तमिळमध्येही कावी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या भिंतींवर भाषेच्या हक्कासाठी जे लिहिले गेले ते असा चार भाषांत वाटून घेतलेला रंग घेऊन, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बिदरचे पठार जांभ्या खडकाचे. उन्हाळ्यात नांगरलेले रान लालभडक दिसते आणि बैलांचे खूर सुद्धा तांबडे होतात. तिथून दक्षिणेला कलबुर्गीकडे उतरले की शहाबाद, वाडी, सेडम हा सगळा चुनखडीचा पट्टा लागतो. महाराष्ट्रातल्या घराघरात गेलेली शहाबादी फरशी इथली. म्हणजे एका जिल्ह्यात तांबडे, दुसऱ्यात पांढरे. भिंत आणि अक्षर या दोन्हींची सोय जमिनीनेच करून ठेवलेली.

चुन्याचा गुण समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळायची नाही. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना होतो. त्यावर पाणी ओतले की तो खदखदतो, फुलतो, विरतो. भिंतीवर चढल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू पुन्हा दगड होत जातो. चुन्याचा हात ओला असतानाच त्यावर काव लावली तर तांबडे कण त्या दगडात अडकून बसतात. गोव्या-कोकणातल्या देवळांची कावी कला याच ओल्या चुन्यावर उभी आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. कोरड्या भिंतीवर मात्र काव नुसती बसते, धरत नाही. बाभळीच्या डिंकाचे पाणी घातले तर उन्हाळा निघतो, पण पहिल्या वळवाला ती ओघळू लागते. घोषणा नेहमी कोरड्या भिंतीवरच लिहिल्या गेल्या. रात्री, घाईत, दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिणाऱ्याला ओला चुना कोण काढून देणार?

पण काव काही घोषणेसाठी भिंतीवर चढली नाही. आधी ती घरच्या जोत्याला पट्टा म्हणून आली. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात कडब्याच्या कोपीत चुना लावून पांडव मांडतात, त्यांच्यावर ती बोटांनी ओढली गेली. मग लग्नाच्या घरी आली. दाराच्या दोन्ही अंगांना भालदार-चोपदार, वर गणपती, खाली ‘शुभ विवाह’ आणि नवरा-नवरीची नावे. लहानपणी मी रंगाऱ्याच्या मागे तासन्‌तास उभा राहत असे. तो दोरा कावेत बुडवून भिंतीवर ताणायचा आणि मधोमध चिमटीत धरून सोडायचा. फट्‌ आवाज होऊन सरळ तांबडी रेघ उमटायची. मराठी लिहायचे तर एक रेघ पुरे, अक्षरे तिला लटकतात. कन्नडसाठी दोन, कारण तिथे गोल अक्षरे दोन रेघांमध्ये बसवावी लागतात. घरमालकाची बोली ऐकून तो एक दोरी मारायची की दोन ते ठरवायचा. हे भिंतलेखनाचे खरे मूळ घर. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही, न विचारता, आपल्या घरातली गोष्ट सांगणे.

मग १९५६ आले. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचा जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसुरात. लेक उदगीरला दिलेली आणि माहेर भालकीला, अशा घरांमधून राज्याची हद्द गेली. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली होती आणि ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा गाजू लागली होती. ती बेळगाव, कारवार, निपाणीबरोबर बिदर आणि भालकीची नावे घेऊन फिरली. पाच गावांची नावे आणि एक क्रियापद. त्यात विनवणी नाही, कारणे नाहीत. भिंतीसाठी याहून चांगले वाक्य मराठीत झाले नाही असे मी मानतो. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाभागातल्या ८६५ गावांवर हक्क सांगणारा ठराव केला, तेव्हा त्यात पुन्हा हीच पाच नावे आली.

भिंतीवरची ती घोषणा मात्र पुसली जाणारच होती. मृगात पाऊस अर्धे काम करायचा, उरलेले घरच्या बायका दसरा काढताना करायच्या. सगळे घर सारवून, झाडून, चुना देऊन मोकळे. लग्नातली नवरी त्या चुन्याखाली जायची आणि घोषणाही. घरच्या बाईने पुसलेल्या घोषणेवर कुणी रागावल्याचे मी ऐकले नाही. हवी असेल तर पुन्हा लिहायची.

टिकावे म्हणून लिहिलेल्याचे याच दोन जिल्ह्यांत काय झाले तेही पाहावे. भीमेकाठच्या सन्नतीला १९८६ साली काळीच्या देवळाचे छत कोसळले आणि मूर्तीखालची शिळा उघडी पडली. तिच्यावर अशोकाचे लेख होते. मूर्ती बसवायला कुणीतरी मधोमध भोक पाडले होते, थेट अक्षरांतून. बिदरला महमूद गवानाच्या १४७२च्या मदरशाची रंगीत फरश्यांची कितीतरी अक्षरे औरंगजेबाच्या काळातल्या स्फोटात दर्शनी भागाच्या एका बाजूसकट गेली. दोनपैकी एक मिनार उरला. उलट इटलीतल्या पाँपेईत चुन्याच्या भिंतींवर तांबड्या रंगात निवडणुकीची आवाहने लिहीत. ती पुसून नवी लिहिण्यासाठी चुना लावणारे वेगळे कामगार असत. आपण हे एकट्याने, चांदण्यात लिहिले अशी नोंद एमिलिअस सेलर नावाच्या रंगाऱ्याने करून ठेवली आहे. इ. स. ७९ साली व्हेसुव्हिअसची राख पडली म्हणून तो आपल्याला माहीत. नाहीतर पुढच्या निवडणुकीलाच तो चुन्याखाली गेला असता.

कर्नाटकात १९८१ साली सार्वजनिक जागांचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा झाला. निवडणूक आयोगाची शिस्तही पुढे कडक होत गेली. तरी भिंतीवरून काव उतरवली ती प्लास्टिकच्या फ्लेक्सने. २०१६ साली राज्याने फ्लेक्सवरही बंदी घातली, पण तोवर दोरी मारणारे हात दुसऱ्या कामाला लागले होते. फ्लेक्सबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की तो पावसाने धुऊन जात नाही. फाटतो, लोंबतो, नाल्यात अडकतो, आणि त्याच्या जागी पुन्हा स्वतःच्या हाताने लिहावे असे कुणाला वाटत नाही.

गेल्या दसऱ्याच्या आधी आमच्या जुन्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीचा मोठा पोपडा पडला. हातात घेतला तर कडेला वहीच्या पानांसारखे थर दिसत होते. पांढरा, निळीची झाक असलेला पांढरा, पुन्हा पांढरा. मधल्या एका थरावर बोटभर तांबडी रेघ होती. लग्नाची की घोषणेची, शिरोरेषा की कन्नड अक्षराचा माथा, ते मी उन्हात धरून बराच वेळ पाहिले. आई आतून हाक मारत होती, चुना भिजला होता.