भूतयोनीचे वर्गीकरण : एक संगणकीय खेळ आणि मराठी शब्दसंग्रह

ज्या प्राण्यांना कोणी मोजले नाही, ज्यांची हाडे कोणत्याही संग्रहालयात ठेवलेली नाहीत, त्यांचे वर्ग पाडावयाचे झाल्यास ते कोणत्या निकषावर पाडावेत? हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. आमच्यापुढे तो आला तोही एका खेळाच्या निमित्ताने. बार्शीच्या एका विद्यार्थ्याने एका संगणकीय खेळातील प्राण्यांच्या नावांना मराठी प्रतिशब्द योजण्याचे काम हौसेने अंगावर घेतले होते. घोडा, अस्वल, घुबड यांपाशी तो अडला नाही. अडला तो मेलेल्यांच्या वर्गापाशी. ‘याला भूत म्हणावे, पिशाच म्हणावे, समंध म्हणावे की मुंजा?’ असे त्याने विचारले. या चार शब्दांत भेद कोणता, हे सांगू लागल्यावर आमच्या ध्यानात आले की, उत्तर कोशात एका जागी मिळण्यासारखे नाही. त्यासाठी मराठीने शतकानुशतके केलेले एक वर्गीकरणच उकलून पाहावे लागेल. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम त्या खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ म्हणजे बुटक्यांचा किल्ला, या नावाचा हा खेळ टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन बंधूंनी रचला. तो २००६ साली प्रथम लोकांपुढे आला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली खेळांचा पहिला संच संग्रही घेतला, त्यात त्याचा समावेश होता. या खेळातील प्रत्येक प्राण्याची व्याख्या साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिलेली असते आणि खेळणाराला ती वाचता येते, बदलताही येते. प्राण्याचे नाव, त्याचे वर्णन, अवयव, तो कोणत्या प्रदेशात राहतो, त्याला उडता येते काय, बोलता येते काय, हे सारे चौकटी कंसांत घातलेल्या खुणांनी सांगितलेले असते.

अशा रचनेचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. लिनीअसच्या पद्धतीत वर्गीकरण वृक्षासारखे असते. प्रत्येक प्राण्याला एकच फांदी मिळते. त्याच लिनीअसने १७३५ च्या आपल्या ग्रंथात अनेक तोंडांचा सर्प, फिनिक्स पक्षी इत्यादींसाठी एक निराळा कोपरा राखला होता आणि १७४८ च्या आवृत्तीत तो काढून टाकला. कारण वृक्षावर त्यांना जागा नव्हती. खेळातील पद्धत खुणांची असल्यामुळे तेथे ही अडचण येत नाही. एकाच प्राण्यावर अनेक खुणा बसतात. ड्रॅगन आणि गाय यांची व्याख्या एकाच भाषेत करता येते. शिवाय काही प्राणी कोणी लिहून ठेवलेलेच नसतात. प्रत्येक नवे जग निर्माण होताना गुहांतील ‘विस्मृत पशू’ यंत्र नव्याने घडविते.

जन्मास न येता घडविला जाणारा प्राणी, ही कल्पना बार्शीच्या वाचकाला अपरिचित नाही. येथील भगवंत मंदिराची कथा अंबरीष राजाशी जोडलेली आहे. द्वादशीच्या पारण्यावरून कोपलेल्या दुर्वासाने आपली जटा उपटून तिच्यापासून कृत्या उत्पन्न केली, आणि राजाच्या रक्षणासाठी धावलेल्या सुदर्शन चक्राने ती जाळली, असे भागवताच्या नवव्या स्कंधात सांगितले आहे. कृत्येला आईबाप नाहीत, जात नाही, निवासस्थान नाही. एका कामापुरती ती निर्माण होते. तिचे नावही ‘कृ’ या धातूवरूनच बनले आहे. म्हणजे आपल्या परंपरेत उत्पत्तीच्या प्रकारावरून वर्ग पाडण्याची रीत होती. अमरकोशातही यक्ष, गंधर्व, किन्नर, सिद्ध यांच्याबरोबर पिशाच आणि भूत यांची गणना देवयोनींत केली आहे. तेथे ‘योनी’ हाच निकष होय. पिशाच ही जन्मतःच पिशाच असलेल्यांची एक जमात आहे.

लोकव्यवहारातील मराठीने मात्र हा निकष टाकून दिला. संस्कृत कोशातील भूत जन्माने भूत आहे. मराठीतील भूत पूर्वी माणूस होते. हा पालट केव्हा झाला हे तारीखवार सांगता येणे शक्य नाही. परंतु त्याची नोंद कशी झाली हे सांगता येते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि दुसरी १८५७ साली निघाली. त्यात मुंजा, समंध, हडळ, जखीण, खवीस ही नावे आपापल्या अक्षराखाली आलेली आहेत. वर्णानुक्रमामुळे हे कुटुंब कोशभर विखुरले गेले आहे. पण व्याख्या एकत्र ठेवून वाचल्या म्हणजे त्यांतून एक योजना दिसू लागते.

दुसरा मोठा प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभीचा. ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने प्रश्नावली काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागविली. तो नाशिकचा कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्याचा वध केला, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या मागे राहिलेली ही सामग्री आर. ई. एन्थोवेन याने संपादित केली. कोकणविषयक भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे १९२४ साली मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवरील त्याचा ग्रंथ निघाला. त्या पानांवर ग्रंथकार जरी साहेब असला तरी वर्गीकरण शाळामास्तरांचे आहे, आणि त्या मास्तरांनी ते आपल्या आजीकडून घेतलेले आहे, हे विसरता कामा नये.

आता ही योजना पाहू. मुंज झालेला परंतु सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा तो मुंजा. त्याचे ठिकाण पिंपळ. बाळंतपणात वा विटाळात मेलेली स्त्री ती हडळ. नवऱ्याच्या हयातीत मेलेली ती जखीण, आणि विधवा मेलेली ती लावसट. धनावर वा घरावर जीव ठेवून गेलेला, विशेषतः ब्राह्मण, तो समंध. अन्यधर्मीयाचे भूत बहुधा खवीस; हा शब्द दुष्ट या अर्थाच्या अरबी ‘खबीस’पासून आलेला आहे. गावोगाव तपशील बदलतात, परंतु निकष बदलत नाही. मृत्यूच्या क्षणी त्या माणसाचे काय व्हावयाचे राहिले होते, हा तो निकष. मुंजाचे लग्न राहिले, हडळीचे मूल वाढवावयाचे राहिले, समंधाचे धन भोगावयाचे राहिले. आसरा आणि चकवा हे मात्र या नियमाला अपवाद होत. पहिलीचे नाव अप्सरेवरून आलेले असून तिचा वर्ग पाण्यावरून ठरतो, दुसऱ्याचा त्याच्या वाट चुकविण्याच्या कृतीवरून.

भाषेचे साक्ष्य या निष्कर्षास पुष्टी देते. मराठीत भूत आणि पिशाच हे सामान्यवाचक शब्द नपुंसकलिंगी आहेत. मुंजा पुल्लिंगी, हडळ स्त्रीलिंगी. मूल, मुलगा, मुलगी या त्रयीत जी व्यवस्था आहे तीच येथे आहे. जे अजून ओळखले गेले नाही ते नपुंसक. ओळख पटली म्हणजे लिंग येते. ‘तिला भूत लागले आहे’ एवढे कळल्यावर देवऋषी प्रथम विचारतो ते ‘तू कोण?’ असे. म्हणजे वर्गीकरण हाच तेथे उपचाराचा आरंभ असतो. दुसरे असे की, भूत ‘लागते’. हेच क्रियापद आपण ‘मी त्याचे देणे लागतो’ आणि ‘तो माझा मामा लागतो’ अशा वाक्यांतही योजतो. समंध या शब्दाच्या मुळाशी तर ‘संबंध’ हाच शब्द आहे. मराठी मनाने भुताकडे ऋण आणि नाते या दृष्टीने पाहिले, असे म्हणावयास यामुळे आधार मिळतो.

येथे त्या खेळाकडे पुन्हा वळू. बुटक्यांच्या किल्ल्यात जो मेला आणि ज्याला मूठमाती मिळाली नाही त्याचे भूत होऊन किल्ल्यात हिंडते. त्याला शांत करण्याचे दोन उपाय आहेत : प्रेत शवपेटीत ठेवणे, किंवा प्रेत हाती न लागल्यास त्याच्या नावाची शिळा कोरून उभी करणे. पिंडदान आणि पालाशविधी ज्या समाजाने निर्माण केले त्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. मात्र एक भेद आहे. खेळातील भुतांची पोटनावे त्यांच्या वर्तनावरून पडतात : कोणी नुसते विव्हळते, कोणी वस्तू फेकते, कोणी जीव घेते. जिवंतपणी तो बुटका न्हावी होता की सरदार, यावरून भुताचा वर्ग ठरत नाही. मराठी वर्गीकरण वर्तनाला दुय्यम मानते. वय, लिंग, वैवाहिक स्थिती आणि जात यांवर ते उभे आहे. मेल्यानंतरही माणसाची जात सुटत नाही, ही गोष्ट आपल्या भूतकथांनी जितक्या निःसंकोचपणे सांगितली आहे तितकी क्वचितच कोणी सांगितली असेल.

याच ठिकाणी शब्दांच्या प्रवासाचा एक विलक्षण नमुना सापडतो. त्या खेळात एका प्राण्याच्या व्याख्येखाली नर, मादी, आणि मुंगी-मानवांच्या बाबतीत राणी, सैनिक, कामकरी असे जे पोटभेद पाडलेले असतात त्यांना ‘कास्ट’ म्हणतात. ‘कास्ता’ हा पोर्तुगीज शब्द हिंदुस्थानातील जातींना लावला गेला. तेथून तो इंग्रजीत स्थिर झाला. पुढे कीटकशास्त्रज्ञांनी तो मुंग्यांच्या वारुळातील श्रमविभागाला लावला, आणि तेथून तो या खेळाच्या मजकुरात उतरला. आपल्या समाजव्यवस्थेसाठी योजिलेला शब्द मुंगीच्या वारुळातून फिरून बार्शीच्या एका मुलाच्या पडद्यावर परत आला, आणि त्याने तो ओळखला नाही.

कोणी म्हणेल, हे सारे बौद्धिक कौतुक आहे. खोट्या प्राण्यांची वर्गवारी चुकली काय आणि बरोबर आली काय, कोणाचे काय बिघडणार? आमचे उत्तर असे की, या यादीतील एक घर असे आहे की तेथे मेलेले कोणीच राहत नाही. चेटकीण आणि डाकीण ही नावे प्रचलित याद्यांत हडळ-जखिणीच्या शेजारी येतात. परंतु हडळ ठरावयास स्त्री मरावी लागते, डाकीण ती जिवंतपणी ठरविली जाते. नंदुरबारच्या आदिवासी भागात डाकीण ठरविलेल्या स्त्रियांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडलेल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली. त्यानंतर लगेच निघालेल्या वटहुकुमाचे त्याच वर्षी डिसेंबरात कायद्यात रूपांतर झाले. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, एखाद्यास करणी करणारा वा सैतान म्हणून जाहीर करणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरविले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, एका वर्गनामाचा जिवंत व्यक्तीवर प्रयोग करणे हा दंडनीय अपराध झाला. खेळात चुकीची खूण पडली तर ती पुसता येते. गावात पडलेली खूण बाईच्या कपाळी राहते.

उलट दिशेचे उदाहरणही नमूद केले पाहिजे. बार्शीच्या परिसरात आणि लगतच्या मराठवाड्यात मुंजा हा पुष्कळ ठिकाणी ‘मुंजाबा’ झालेला आहे. ज्यांच्या घरी मुंज होत नाही अशी शेतकरी कुळेही त्याला नैवेद्य दाखवितात. झाड तेच, नाव तेच. पण अपुऱ्या राहिलेल्या ब्राह्मण मुलाची ओळख पुसली जाऊन त्याच्या जागी रानाचा राखणदार उभा राहिला. कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजात देवचार म्हणजे सैतान, तर त्याच गोव्यात हिंदूंचा देवचार गावाची वेस राखतो. यावरून दिसते की ही घरे बंदिस्त नाहीत. समाज बदलला म्हणजे त्यांतील रहिवासीही बदलतात.

त्या विद्यार्थ्याला आम्ही शेवटी ‘भूत’ हाच शब्द सुचविला. तो ‘भू’ धातूचे भूतकालवाचक रूप असून ‘जे होते ते’ एवढेच सांगतो. जात, वय, सौभाग्य यांपैकी काहीच विचारत नाही. नपुंसकलिंगी असल्यामुळे त्यात कोणत्याही बुटक्याला जागा आहे. मुंजा, समंध, लावसट हे शब्द मात्र त्याने आपल्या वहीत स्वतंत्र पानावर उतरून ठेवावेत आणि प्रत्येकापुढे त्या व्यक्तीचे काय राहून गेले होते ते लिहावे, असे आम्ही सांगितले. ते पान भरले तर तो भुतांचा तक्ता राहणार नाही; या प्रदेशात कोणाला काय मिळाल्यावाचून मरावे लागले, याची ती यादी होईल.